बिब्बा, मासे आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी कुंची आहे. कुंची ठाऊक आहे ना? बाळाचं टोपडं आणि पाठीवर सोडलेला झगा एकाच कापडात शिवला, की झाली कुंची. मी खणाची आहे, डाळिंबी रंगाची, हिरव्या काठाची. आता विटले आहे, पण ऐट काही गेलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पाचोडच्या मनकर्णाबाईंनी मला शिवलं, त्यांचा शिवराज झाला तेव्हा. चोळीच्या खणाचा उरलेला तुकडा, आत जुन्या धोतराचं मऊ अस्तर, कडेला पांढऱ्या मण्यांची झालर. बारशाला आलेल्या बाया मला हात लावलावून बघत होत्या. "मनकर्णे, पोरगं कसं राजावाणी दिसाया लागलंय!" असं त्या म्हणायच्या आणि मीच फुलून जायची. पण लेकरं काय, बघता बघता वाढतात. शिवराजचं डोकं माझ्यात मावेना, तशी माझी रवानगी पत्र्याच्या पेटीत झाली. कडुनिंबाच्या पाल्यात निजून निजून माझ्या घड्या चिरायला आल्या. घरातली भांडणं, लग्नं, शिवराजची नोकरी, सगळं मी झाकणाआडूनच ऐकलं.

मग एक दिवस झाकण उघडलं. शिवराज आणि त्याची बायको मोनिका संभाजीनगरला राहतात. त्यांना मुलगी झाली होती, राजनंदिनी. ती बसायला लागली तशा मनकर्णाबाई नातीकडे राहायला निघाल्या. मला धुतलं, उन्हात वाळवलं. मोनिकानं फोनवर बजावलं होतं, "आई, हाताला काळा दोरा, बिब्बा असलं काही बांधू नका हं. नंदू सगळं तोंडात घालते."

"बरं बाई, हाताला नाय बांधत," मनकर्णाबाई म्हणाल्या. आणि आठवडी बाजारातून बिब्बा आणून त्यांनी तो माझ्या मानेच्या शिवणीत, आतल्या बाजूनं, गुपचूप टाचून टाकला. तोंडात जायला नको आणि लेकराला नजरही लागायला नको. सासूबाईंची हुशारी!

पण वाळलेलं बी ते, टणक आणि टोकदार. आजी नातीला घ्यायच्या आधी मला चढवायच्या. नंदूनं मान हलवली की बिब्बा रुतायचा आणि ती किंचाळायची. मोनिका धावत यायची, पोरीला उकडत असेल म्हणून आधी मला उतरवायची, आणि नंदू आईच्या खांद्यावर गप्प व्हायची. मला सगळं कळत होतं हो! पण कापडाला कुठलं तोंड? आजींना वाटायचं, पोर आपल्यालाच भिते. मोनिकानं नंदूला उचललं की त्यांचा चेहरा एवढासा व्हायचा. माझा जीव तीळ तीळ तुटायचा.

शेवटी त्या म्हणाल्या, "शिवा, मला सांजच्या गाडीत बसवून दे. लेकराला उगं कशाला तरास? माझ्या हाताला काटंच हायेत जणू."

"जाशील गं," शिवराज म्हणाला. "आधी सगळे मिळून मत्स्यालय बघून येऊ. मासे बघून नंदू खुलंल."

रविवार होता, मत्स्यालयाच्या बागेत ही गर्दी. "एवढ्या लोकांच्या नजरा," असं म्हणत आजींनी मला चढवलंच. पण नातीला उचललं मात्र नाही. मोनिकाच्या कडेवर दिलं आणि स्वतः मागंमागं चालू लागल्या.

मत्स्यालयात आत अंधार होता आणि काचेच्या टाक्या तेवढ्या निळ्या उजळलेल्या.

"हे खायाचे नसत्यात व्हय?" आजींनी विचारलं.

"शोभेचे हायेत गं आई," शिवराज म्हणाला.

"शोभेचे! आमच्या गोदावरीतला रोहू बघितला तर लाजतील बापडे." बोलल्या खऱ्या, पण आवाजात जीव नव्हता.

नंदू टकामका बघत होती. एक मोठा पिवळा मासा काचेशी आला, तशी ती खुदकन हसली. मासा वर गेला. तिनं मान वर केली आणि अशी किंचाळली, की लोक वळून बघायला लागले. मासा खाली आला, ती गप्प. पुन्हा तो वर गेला, पुन्हा किंकाळी.

"माशाला भ्याली ती, चला बाहेर," शिवराज म्हणाला. मोनिका वळलीसुद्धा.

"थांब गं," आजी म्हणाल्या. "भ्याली असती तर पुन्हा वर बघितलं असतं का? आन आज तर ती तुझ्या कडंवर हाय, माझ्या नाय." त्यांनी नंदूच्या मानेखाली हात घातला. बोटं माझ्या शिवणीवरून सरकली आणि थांबली.

"अगं बया! माझाच बिब्बा की गं!" नंदूच्या गोऱ्या मानेवर लाल ठिपका उठला होता. आजींचे डोळे भरून आले. "नजर लागू नये म्हणून लावला, आन मीच टोचीत बसले लेकराला."

तिथंच, टाकीच्या उजेडात, त्यांनी दातानं टाका तोडला. मोनिका आधी रागावली. नको म्हटलेलं असताना, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलंही. पण सासूचा चेहरा बघून तिनं ते गिळलं आणि पोरगी पुढं केली. "घ्या आई. आता तुम्हीच दाखवा मासे."

आजींनी भीतभीतच हात पसरले. नंदू गेली. मासा वर गेला, तिनं मान वर केली, आणि रडली नाही! उलट आजीच्या गळ्यातलं डोरलं मुठीत धरून जोरजोरात ओढायला लागली. आजी रडतही होत्या आणि हसतही होत्या.

"तो बिब्बा टाकून द्या आता," मोनिका म्हणाली.

आजींनी तो आपल्या कनवटीला खोचला. "राहू दे. नजर यायचीच असंल तर ती आधी माझ्याकडं येऊ दे."

सांजची गाडी आजींना न घेताच पाचोडला गेली.

मित्रांनो, आता मी पेटीत नसते. नंदूच्या उशाला असते, ती माझे मणी ओढते आणि मी खुशाल ओढू देते. आमच्यासारख्या जुन्या वस्तू पेटीत कोंडू नका, वापरा. फक्त एक करा. कितीही मायेनं शिवलेलं असो, लेकराच्या अंगावर घालण्याआधी आतून एकदा हात फिरवून बघा. आम्हाला काही बोलता येत नाही, आणि त्यालाही अजून येत नसतं.