दंडावरचं कुंकू

टोपी

विश्वंभरने भिंग फोटोतल्या खलाशाच्या टोपीवर आणलं आणि श्वास रोखला. श्वास लागला की काच धुरकटते.

"सापडलं का काही?" ताराने स्वयंपाकघरातून विचारलं.

"थांब जरा."

टोपीभोवतीच्या काळ्या फितीवर जुन्या वळणाची जर्मन अक्षरं होती. जहाजाचं नाव मात्र नव्हतं. दुसरी मोठी लढाई लागल्यावर जर्मनांनी फितीवरची नावं काढली आणि नुसतं 'आरमार' ठेवलं. म्हणजे फोटो लढाईच्या काळातला. समोर खुर्चीच्या कडेवर बसलेल्या मंजुळाबाईंना त्याने तेवढंच सांगितलं. फोटो खणात गुंडाळून, मांडीवर धरून त्या साखऱ्याहून औंढ्याला आल्या होत्या.

"लढाईतला हाय ते आमालाबी ठाव हाय, दादा. म्होरलं सांगा."

तारा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "मावशी, यांना घाई चालत न्हाई. जन्मात समुद्र बघितला न्हाई, पण जर्मनीच्या खलाशांच्या बाह्या पाठ हायेत. आमच्या लग्नातल्या फोटोत माझा मामा कोणता ते विचारा, तिथं अडकतात."

"तुझा मामा हलला होता," विश्वंभर भिंगातून वर न बघता म्हणाला.

चौकटीबाहेर

बँकेतून निवृत्त झाल्यापासून विश्वंभरचा हाच नाद. परदेशातली माणसं आपल्या आजोबांचे फोटो संगणकावर पाठवायची आणि औंढ्यात बसून हा बाहीवरच्या बिल्ल्यांवरून सांगायचा, की तुमचा आजा बोटीवर काय काम करत होता. त्याची एक खोड होती. तो 'अंदाजे' हा शब्द वापरत नसे. दिसलं तर दिसलं, नाही तर नाही.

हा फोटो आणला होता मंजुळाबाईंच्या सासऱ्याने, संतरामने. इंग्रजांच्या पलटणीत लॉरी हाकायला आफ्रिकेत गेलेला संतराम जर्मनांच्या हाती लागला आणि लढाई संपल्यावर घरी आला. त्याच्या पत्र्याच्या पेटीत हा निघाला. एक गोरं पोरगं, गुडघ्यापर्यंत दिसणारं, जरासं तिरपं उभं. संतरामने फोटो देवघरात टांगला आणि एकच वाक्य बोलला, "ह्याच्यामुळं मी घर बघितलं." कसं, ते त्याने सांगितलं नाही आणि बापापुढे विचारायची कुणाची छाती झाली नाही. तेव्हापासून रोज फूल, रोज कुंकू.

मग मागच्या सुट्टीत नात आली, आरोही. हिंगोलीत कॉलेजला असते. तिने फोनमध्ये फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "आजी, ही हिटलरची माणसं. ह्यांनी लोकं मारली. अन् तू ह्याला फूल वाहून राहिली?" तेव्हापासून पोरीने देवघराकडे पाय वळवला नव्हता. मंजुळाबाईंना घास गोड लागत नव्हता.

"मारणारा असंल तर नदीत सोडते," त्या आल्या आल्या म्हणाल्या होत्या. "पण आधी कळू तर द्या. सासऱ्याचा शब्द हाय, त्यो असाच कसा सोडू?"

छाती

छातीवर गरुड. उजव्या बाजूला, असायला हवा तिथंच, म्हणजे फोटो उलटा छापलेला नव्हता. गरुडाच्या पंज्यात स्वस्तिक.

"ते बघून तर आमी म्हणायचो, भलं माणूस असंल," मंजुळाबाई म्हणाल्या. "सोस्तिक घालून हिंडतंय."

"न्हाई मावशी. ते त्यांचं निशाण. आरोही बराबर बोलली."

मंजुळाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. ताराने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने भिंग खाली ठेवलं.

"पण हे सगळ्यांच्याच छातीवर असायचं," तो म्हणाला. "माणसाचं काम दंडावर लिहिलेलं असतं. डाव्या."

दंड

डाव्या दंडावर कुंकू होतं. काचेवर वर्षानुवर्षं चढलेलं, तेलाने काळपट झालेलं, वाळून खपलीसारखं जाड.

"कपाळ सोडून इथं काहून?" विश्वंभरने विचारलं.

"सासूबाई तिथंच लावायच्या, मग आमीबी तिथंच. दिवाळीला काच पुसायची, तेवढं सोडून."

विश्वंभरला ठाऊक होतं, खाली काय असू शकतं. दातेरी चाक म्हणजे इंजिनवाला, वीज म्हणजे बिनतारीवाला; पण बोटी बुडवणारा पाणतीर किंवा पेटता तोफगोळा निघाला, तर मारणारा.

"पुसावं लागेल," तो म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. ताराने घाईघाईने सावरलं, "म्हणजे काच साफ करावी लागंल, मावशी."

मंजुळाबाईंचा हात स्वतःच्या मोकळ्या कपाळाकडे गेला आणि परत मांडीवर आला.

"माझं पुसलं तवा कुणी इच्यारलं न्हाई," त्या सरळ आवाजात म्हणाल्या. "आणा फडकं. मीच पुसते."

तारा फडकं आणि गोडेतेलाची वाटी घेऊन आली. नवऱ्याच्या खुर्चीमागे वाकून हळूच म्हणाली, "अहो, एकदा तरी अंदाजे सांगा."

त्याने वाटी मंजुळाबाईंकडे सरकवली. पहिल्यांदाच त्याला वाटलं, काही दिसू नये.

काच

खपली लवकर सुटेना. मंजुळाबाई तेल लावत, थांबत, नखाने हलकेच उकरत. लेकराच्या डोक्यावरची खपली काढावी तसं. फडकं लाल झालं. मग काचेत एक वाट मोकळी झाली.

विश्वंभर वाकला.

बोटीचा नांगर होता. नांगरावर उभी काठी. काठीभोवती...

त्याने रोखलेला श्वास सुटला आणि काच धुरकटली. ती त्याने स्वतःच्या सदऱ्याने पुसली, पुन्हा पाहिलं, आणि भिंग मंजुळाबाईंच्या हातात दिलं.

त्यांना जागा सापडायला वेळ लागला.

"साप हाय?"

"साप. काठीला साप म्हणजे दवाखान्याचं खातं. जखमा बांधणारा, औषधपाणी बघणारा. फौज त्यांचीच, मावशी, ते खोडता येत न्हाई. पण ह्याचं काम ते होतं."

तारा तिथेच खाली बसली. मंजुळाबाई मात्र भिंग सोडायला तयार नव्हत्या. त्यांचे खांदे हलायला लागले. विश्वंभरला आधी वाटलं, रडतायत.

"आमची म्हातारी," त्या हसता हसता म्हणाल्या, "नागपंचमीला ह्याच्याम्होरं दूध-लाह्या ठेवायची. आमी सुना पदर तोंडात धरून हसायचो. साहेबाला लाह्या चारून राहिली म्हणून."

"कुठल्या होत्या त्या?" ताराने विचारलं.

"कुठल्या म्हंजे? हितल्याच. औंढ्याच्या. नागनाथाच्या गावची लेक. नाग दिसला, हात जोडले. कुणाचा, कशाचा, तिला काय करायचं?" त्यांनी पदराने डोळे पुसले. "ते पुसू काहून देत न्हाई, एकदाबी सांगितलं न्हाई बघा म्हातारीनं. आमीबी इच्यारलं न्हाई."

चौकट

निघताना ताराने देवघरातून करंडा आणून पुढे धरला. मंजुळाबाईंनी चिमूटभर कुंकू बोटावर घेतलं. बोट सवयीने दंडाकडे गेलं आणि काचेपाशी थांबलं.

मग त्यांनी ते खाली आणलं आणि चौकटीच्या लाकडावर टेकवलं.

"वर न्हाई लावत?" ताराने विचारलं.

"आता नगं," खण उलगडत त्या म्हणाल्या. "आरोहीला दिसाया पायजे."