भिंतीवरची पिवळी रेघ

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही एक दप्तर आहात आणि तुम्हाला कधीच कुणी रिकामे करत नाही. सुट्टीत नाही, दिवाळीतही नाही. कायम भरलेले, कायम दाराशी. कसे वाटेल?

मी तशीच एक जुनी निळी सॅक आहे. चिखलीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला शिवले. माझे बंद मजबूत, पण चेन लवकर तुटली. नऊ वर्षांची वर्षाली मला दिवसातून दहा वेळा उघडून पाहायची ना!

अनाथ मुलांच्या संस्थेतून ती दोन घरी राहायला गेली होती. दोन्ही घरांनी तिला परत पाठवले. तेव्हापासून माझ्यात तिचे दोन फ्रॉक, कंगवा आणि लपवलेल्या पोळ्या असायच्या. पोळ्यांना बुरशी यायची. मला कसेतरी व्हायचे, पण सांगणार कुणाला?

तिसरे घर रहाटणीतले. धम्मरत्न चाकणला कंपनीत फिटर, त्याची बायको नेहा नर्स आणि आई सरूबाई. पहिल्याच आठवड्यात वर्षालीने दोन कप फोडले, सरूबाईंचा चष्मा लपवला. मग मला बिलगून म्हणाली, "आता पाठवतील बघ."

धम्मरत्नच्या कंपनीत फळ्यावर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला असतो. हत्यार कामावर गेले, तरी त्याच्या जागी दुसरे काही टांगायचे नाही. त्याने तसाच माझा आकार पिवळ्या रंगाने दाराजवळच्या भिंतीवर काढला. वर्षालीने तो कर्कटकाने खरवडला. त्याने पुन्हा रंगवला. तिने पुन्हा खरवडला.

"अगं, का?"

"दाराशीच का काढलाय? मला लवकर घालवायला?"

धम्मरत्न खजील झाला. त्याच संध्याकाळी त्याने आतल्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी माझ्या आकाराची नवी रेघ मारली आणि आत खिळा ठोकला. पण मी काही तिथे गेले नाही.

मग एका शनिवारी संस्थेच्या ताई येणार असे कळले. कुणी न्यायच्या आत आपणच जावे, म्हणून वर्षाली मला पाठीवर टाकून बसस्टॉपवर आली. मागून धापा टाकत सरूबाई.

"कुठली बस गं?"

"कुठलीपण."

"मग पाटी वाच. मला कुठं दिसतंय? चष्मा न्हाई."

वर्षाली माझ्या बंदाशी चाळा करू लागली. मग हळूच म्हणाली, "तांदळाच्या डब्यात आहे."

"ठाव हाय. कवाच घावला."

"मग काढला का नाही?"

"तू आणून देशील म्हणून." सरूबाईंनी पदराने तोंड पुसले. "ताई बघायला येत्यात, न्यायला न्हाई. तुला कुणी पाठवत न्हाई, बाळा."

तीन बस गेल्या. चौथी आली, तेव्हा आम्ही घराकडे चालत होतो.

घरी नेहाची पर्स खुर्चीवर पडली होती, धम्मरत्नचे हेल्मेट जमिनीवर. पलंगाशेजारच्या माझ्या पिवळ्या रेघेत मात्र कुणी काहीच टांगले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात असे भरलेले दप्तर घेऊन कुणी आले, तर त्याला चिडवू नका. बाकावर सरकून बसा. तो उठून गेला, तर त्याची जागा धरून ठेवा.

वर्षालीने मला पलंगावर पालथे केले. फ्रॉक कपाटात ठेवले. रिकाम्या मला रेघेत टांगले. मग तिने तांदळात कोपरापर्यंत हात घातला, चष्मा काढला, आपल्या फ्रॉकला पुसला आणि आजीच्या नाकावर बसवला.