नवमीला म्हैसुरात खोली

पुण्याहून निघताना गुंडेरावांनी मुलीला ठासून सांगितलं होतं, "म्हैसूरची खोली मला फोनवर शोधून देऊ नकोस. सगळी नोकरी त्या गावात केली मी. स्टेशनवर उतरायचं, दोन जागी विचारायचं, झालं."

नमितानं आईकडं पाहिलं. सीतालक्ष्मीबाईंनी डोळ्यांनीच तिला गप्प राहायला सांगितलं. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या म्हैसूरच्या चामुंडी देवीला नवस बोलल्या होत्या, की उठून चालायला लागले तर दसऱ्यात डोंगरावर येऊन तुझी ओटी भरीन. नवरा न्यायला तयार झाला होता हेच पुष्कळ होतं.

खरं तर खोलीचा प्रश्नच नव्हता. गुंडेरावांचा धाकटा भाऊ सुधींद्र गावाबाहेर हूटगळ्ळीला स्वतःचं घर बांधून राहत होता. पण आई गेली तेव्हा सुधींद्रनं थोरल्याची वाट न बघता अग्नी दिला. गुंडेराव पुण्याहून संध्याकाळी पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं तुटलं. जावाजावा मात्र फोनवर बोलायच्या. गुंडेरावांना ते माहीत होतं, पण माहीत नसल्यासारखं ते वागायचे.

गाडी म्हैसूरला लागली ती नेमकी नवमीच्या सकाळी. दुसऱ्या दिवशी जंबू सवारी, म्हणजे हत्तीवरून देवीची मिरवणूक. त्यासाठी कुठून कुठून माणूस आलेला. त्यात आयुधपूजेचा दिवस. रस्त्यावरच्या प्रत्येक रिक्षाला, बसला, सायकलला झेंडूच्या माळा आणि केळीचे खुंट बांधलेले. दुकानांपुढं कुंकू भरलेले कोहळे फोडलेले, त्यांचा लाल चिखल पायाखाली. सीतालक्ष्मीबाई एका हातानं साडीच्या निऱ्या उचलून, दुसऱ्या हातानं नवऱ्याचं मनगट धरून चालत होत्या.

"रूम इल्ला सार, फुल्लु," पहिल्या लॉजवाल्यानं मान वर न करताच सांगितलं. दुसरा हसला. "आज येऊन आज खोली? लोकांनी महालयातच धरून ठेवल्यात." तिसऱ्याकडं खोली होती, पण त्यानं सांगितलेल्या भाड्यात पुण्याला जाऊन परत आले असते. गुंडेराव "बघतो" म्हणून बाहेर पडले. चौथ्याकडची खोली गच्चीवर, जिना उभा, आणि मध्ये कठडाही नाही. सीतालक्ष्मीबाईंनी जिन्याकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली.

"आपल्या छत्रात जाऊ," गुंडेराव म्हणाले. छत्र म्हणजे तिकडची धर्मशाळा. अग्रहाराच्या बाजूला एक होतं, व्यवस्थापक ओळखीचा, त्याची दोन्ही मुलं गुंडेरावांच्या हाताखाली शिकलेली. रिक्षा करून तिथं पोचले तर छत्राच्या जागी काचेचं मोबाइलचं दुकान, आणि दारात पूजा झालेली नवी स्कूटर. दुकानातल्या मुलीला छत्राचं नावही माहीत नव्हतं.

तिथंच नमिताचा फोन आला. "बाबा, मिळाली का खोली?"

"मिळाली," गुंडेराव म्हणाले. "चांगली आहे. खालच्याच मजल्यावर."

फोन ठेवल्यावर त्यांनी बायकोकडं बघितलं नाही. सीतालक्ष्मीबाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "अहो, स्वल्प बसूया बा कुठंतरी. पाय थरथरायलेत."

गुंडेरावांनी घड्याळ बघितलं. तिला साखरेचा त्रास, वर हे हृदय. खाण्याची वेळ टळून गेली होती. ते तिला घेऊन परत स्टेशनजवळच्या धन्वंतरी रस्त्यावर आले, कारण लॉज म्हणावेत ते तिथंच. एका औषधाच्या दुकानाच्या पायरीशी बाक होता. दुकानदाराला विचारून त्यांनी तिला त्यावर बसवलं, दोन्ही बॅगा पायाशी ठेवल्या, बिस्किटांचा पुडा हातात दिला.

"हलू नकोस. मी ही लॉजची ओळ संपवून येतो."

"फोन करून बघायचा का हो विद्याश्रीला?" सीतालक्ष्मीबाईंनी हळूच विचारलं. विद्याश्री म्हणजे सुधींद्रची बायको.

"काही गरज नाही," ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा फोन प्रवासात चार्जिंग न झाल्यानं नमिताशी बोलल्यावर बंद पडला होता, म्हणून तिचा फोन खिशात टाकला आणि ते निघाले.

ओळ संपली, पण खोली नाही. मग मागची गल्ली, मग तिच्या मागची. एका ठिकाणी कॉट मिळेल म्हणाले, पण हॉलमध्ये, पुरुषांत. एका ठिकाणी नुसतं सामान ठेवता येईल म्हणाले. दर नकारागणिक त्यांची विचारण्याची पद्धत बदलत गेली. आधी ते "मी इथलाच" असं सांगून सुरुवात करत होते, मग "पेशंट बरोबर आहे" असं सांगू लागले, शेवटी नुसतं "काही आहे का?" एवढंच. सगळे कन्नडात उत्तर देत होते आणि सगळे त्यांना 'तुम्ही कुठले' असं विचारत होते. ज्या गावात बाजारात जाताना चार जण वाकून नमस्कार करायचे, तिथं त्यांना कुणी ओळखेना.

परत आले तेव्हा औषधाच्या दुकानाचं शटर खाली होतं. पूजा करून, कुरमुऱ्यांचा प्रसाद वाटून मालक घरी गेला होता. बाक रिकामा होता. बॅगाही नव्हत्या.

आपण चुकीच्या दुकानापुढं आलो असं त्यांना आधी वाटलं. त्यांनी पाटी वाचली. तीच होती. पायरीवर बिस्किटाचा चुरा पडला होता.

"सीता," त्यांनी हाक मारली. इतक्या गर्दीत ती त्यांनाच ऐकू आली नाही. शेजारच्या रसवाल्याला विचारलं, त्यानं खांदे उडवले. तो नुकताच आला होता. ते दोन्ही बाजूंना धावल्यासारखे चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. रस्त्याच्या कडेला कुणी चक्कर येऊन पडलं असेल, कुणीतरी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं असेल. बॅगांसाठी कुणी... पुढचा विचार त्यांनी मनाला करू दिला नाही. तिच्याकडं फोन नाही. तो माझ्या खिशात. तिला कुणाचा नंबर पाठ नाही. आहे तो एक माझा, आणि माझा फोन बंद.

त्यांनी खिशातून तिचा फोन काढला. नमिताला सांगून उपयोग नव्हता. ती पुण्यात, आणि तिला तर खोली मिळाली म्हणून सांगितलेलं. बोट 'विद्याश्री'वर थांबलं. गुंडेरावांनी डोळे मिटले आणि दाबलं.

"बोला वैनी," पुरुषाचा आवाज आला. विद्याश्रीचा फोन सुधींद्रनं उचलला होता.

गुंडेरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वैनी? हॅलो?"

"मी बोलतोय. गुंडू."

पलीकडं कुणीतरी घंटा वाजवत होतं, ती थांबली. "अण्णा?"

"सीता सापडत नाहीये रे."

"कुठं आहात?"

"धन्वंतरी रोड. औषधाचं दुकान..."

"हलू नका तिथनं. मी आलोच."

हूटगळ्ळीहून यायचं म्हणजे आज सगळा रस्ता तुंबलेला. तेवढा वेळ गुंडेराव बाकाला धरून उभे राहिले. बसवत नव्हतं. समोरून जाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावर त्यांची नजर जात होती, आणि ती सीता नाही हे कळलं की पुढच्या चेहऱ्यावर सरकत होती. ती शुद्धीवर येताना देवीला नवस बोलली, आणि मी तिला अशी रस्त्यावर बसवून गेलो. एका फोनचं काम होतं.

सुधींद्र मोटारसायकलवरून आला. गाडीला झेंडूची माळ, टाकीवर हळदीकुंकवाचे ठसे. पूजा अर्धी टाकूनच निघाला असावा, अंगात बनियन आणि त्यावर घाईनं घातलेला शर्ट, बटणं वरखाली. केस पांढरे झाले होते. गुंडेरावांना क्षणभर वडीलच आल्यासारखं वाटलं.

"साडी कुठली होती वैनींच्या अंगावर?" सुधींद्रनं विचारलं.

काल संध्याकाळपासून ती गुंडेरावांच्या शेजारी बसली होती. सकाळी चालताना तिनं निऱ्या उचललेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. रंग काही केल्या डोळ्यांपुढं येईना.

"आठवत नाही," ते म्हणाले.

"बिडि अण्णा, असू द्या ते. बसा मागं."

चौकात पोलिसांचा मांडव होता, हरवलेल्या माणसांसाठी. सुधींद्रनं आत जाऊन कन्नडात सगळं सांगितलं. शिपायानं माईक घेतला. सीतालक्ष्मी, वय सत्तर, चष्मा, पुण्याहून आलेल्या, कुणाला दिसल्या तर मांडवात आणून सोडा. आपल्या बायकोचं नाव सगळ्या रस्त्यावर घुमताना ऐकून गुंडेरावांनी मान खाली घातली. सुधींद्रनं त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती उघडलीच नाही.

"दवाखाने बघूया का?" ते विचारत होते. "आधी मोठा बघूया. का मागची गल्ली..."

"अजून एकदा सांगू देत. मग जाऊ."

तिसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा गर्दीतून एक लठ्ठसा माणूस हात वर करत आला आणि त्याच्या मागं, आपल्याच चालीनं, सीतालक्ष्मीबाई. साडी जांभळी होती. केसांत मोगऱ्याचा ताजा गजरा होता, तो सकाळी नव्हता.

"अय्यो, केवढ्यानं ओरडायलेत हो!" त्या शिपायाकडं बघत म्हणाल्या. "जेवत होते मी."

गुंडेराव पुढं झाले आणि त्यांनी तिचा दंड दोन्ही हातांनी धरला. सोडलाच नाही.

झालं होतं ते असं. बाकावर बसल्या बसल्या सीतालक्ष्मीबाईंना अंधारी आली. बेट्टदपुरहून आलेल्या भजनी मंडळाच्या बायका गाठोडी घेऊन चालल्या होत्या, त्यातल्या एकीनं त्यांना सावरलं, केळं भरवलं, आणि दुकान बंद व्हायला लागलं तशी सगळ्या मिळून त्यांना आपल्या छत्रात घेऊन गेल्या. मागच्याच गल्लीत, एका मठाच्या आवारात. रस्त्यापलीकडच्या फुलवालीला निरोप सांगून ठेवला होता, की टोपीवाले म्हातारे येतील, त्यांना पाठव. गुंडेरावांनी घाम आला म्हणून टोपी काढून खिशात घातली होती. आणि पलीकडच्या फुलवालीला विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"यांना जागा दिलीय आम्ही," तो लठ्ठ माणूस म्हणाला. तो छत्राचा व्यवस्थापक, नरसिंहमूर्ती. "चटई आहे, पंखा आहे. भाडंबिडं काही नाही, देवळात टाका काय टाकायचं ते. पण सार, हॉल बायकांचा आहे. तुम्हाला नाही चालणार."

"वैनी घरी येतायत," सुधींद्र पटकन म्हणाला.

सीतालक्ष्मीबाईंनी दिराकडं पाहिलं. तोंडभर हसल्या, आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण नीट लावून दिलं. "उद्या येते मी, सुधी. आज नको. ह्या बायका पहाटे डोंगरावर चालल्यात, त्यांनी गाडी ठरवलीय, मला पुढं बसवणार आहेत. उद्या मिरवणुकीच्या दिवशी आपल्याच्यानं पोचणं होतं का?"

"आणि मी?" गुंडेरावांनी विचारलं.

"तुम्ही जावा की ह्याच्याबरोबर. रात्रीची गोळी तेवढी काढून द्या बॅगेतली."

एवढं सोपं करून सांगितलं तिनं. गुंडेरावांना वाद घालायचा होता, पण काय म्हणून घालायचा ते सुचेना. त्यांनी छत्रात जाऊन हॉलच्या दारातून आत बघून घेतलं. भिंतीशी तिची चटई, शेजारी पितळी टाळांची पिशवी, तिला सावरणारी बाई कुणाची तरी वेणी घालत बसलेली. गोळ्या काढून दिल्या. व्यवस्थापकाचा नंबर घेतला. निघाले, परत वळले, तिला तिचा फोन द्यायचा राहिला होता. तो दिला.

परतीला अंधार पडत आला होता. रस्त्यावरचे दिवे एकदम लागले, झाडाझाडांवर, चौकाचौकांत, आणि सगळी गर्दी "हो" करून ओरडली. गाडी हूटगळ्ळीच्या वाटेला मुंगीच्या चालीनं सरकत होती. गुंडेरावांनी धाकट्याचा खांदा धरला होता.

"तिला नीट झोप लागेल ना रे चटईवर?"

"लागेल."

थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "पंखा चालत होता ना? मी बघितला नाही."

"चालत होता, अण्णा."

सिग्नलला गाडी थांबली. सुधींद्र पुढंच बघत म्हणाला, "आईच्या वेळी मी थांबायला पाहिजे होतं. सगळे नको म्हणाले. मी ऐकलं त्यांचं."

इतकी वर्षं गुंडेरावांनी या वाक्याची वाट पाहिली होती, आणि ते आलं तेव्हा त्यांचं अर्धं मन छत्राच्या हॉलमध्ये होतं. राग शोधला तर हाती लागेना.

"नंतर बोलू ते," शेवटी ते म्हणाले. "आधी घरी चल. तुझी पूजा राहिलीय."

दारात विद्याश्री उभी होती. तिनं दोघांच्या मागं, गाडीच्या मागं, रस्त्यावर नजर टाकली. "वैनी कुठायत?"

दोघेही एकदम सांगू लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कमरेला पदर खोचला. "म्हणजे दोन दोन पुरुष गेले आणि ऑपरेशन झालेल्या बाईला जमिनीवर झोपवून आले!" ती आत गेली आणि गादीची गुंडाळी, शाल आणि दहीभाताचा डबा घेऊन बाहेर आली. "जा. हे देऊन या."

सुधींद्रनं मुकाट्यानं गाडी वळवली. गुंडेराव मागं बसले, गादी मांडीवर घेतली आणि डबा त्यावर ठेवला. अंग मोडून आलं होतं, पोटात काही नव्हतं, पण परत जायचं म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. पंखा एकदा डोळ्यांनी बघून घेता येणार होता.

"धरलंय ना नीट?" सुधींद्रनं विचारलं.

"धरलंय," गुंडेराव म्हणाले. "सावकाश चल."