कवळीवाल्यांची नर्स

“गेली! सरळ डोक्यात!” जावयानं टाळी वाजवली. फाशावर सहा पडले होते.

टाळी एकट्याचीच वाजली. वायरमनचा कप ओठांपाशी थांबला. मास्तरांनी चष्मा काढून फासा पाहिला, मग लावून पाहिला. सहाच.

टेबलावर सूर्य विझलेला एक ग्रह मांडला होता. तिथे हवा रेशनवर मिळते आणि बोटाएवढी माणसं तिच्यासाठी एकमेकांवर गोळ्या झाडतात. भिंती पुठ्ठ्याच्या, पण डोंगर जबड्यांचे. सासरे कवळ्या बनवायचे, त्यामुळे पेशंटांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे घरात ढिगानं. खेळाचा नियम एकच कडक: मेलेलं पात्र परत येत नाही.

मेली ती नर्स. कवळीवाल्यांनी तिला कवळीच्या हिरड्यांसाठी लागणाऱ्या गुलाबी मसाल्यातून घडवलं होतं. इतक्या वर्षांत तिला खरचटलंही नव्हतं. तिच्यावर नेम धरायचा नाही, हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. जावई आज पहिल्यांदाच खेळायला बसला होता. त्यालाही सांगायचं राहिलं. श्वास घ्या म्हणून कोण कुणाला सांगतं?

“मध्ये मुख्याध्यापिकाबाईंचा जबडा आहे,” मास्तर घाईनं म्हणाले. “गोळी जाईलच कशी?”

“त्यांचे पुढचे दोन दात नाहीत ना,” जावई खुशीत म्हणाला. “त्या फटीतून मारली.”

“जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही,” वायरमन पुटपुटला आणि हनुवटीनं भिंतीकडे खूण केली.

भिंतीवर सासूबाईंचा फोटो होता. जावयाच्या लग्नाआधीच गेलेल्या. अंगात नर्सचा गणवेश, उजव्या गालावर तीळ. जावयानं टेबलावर वाकून पाहिलं. तीळ इथेही होता.

त्यानं फाशाकडे हात नेला. “बाबा... मी... फासा कपाला अडला होता. पुन्हा टाकतो.”

“नव्हता अडला,” कवळीवाले म्हणाले.

“लाइट गेली होती म्हणू या,” वायरमन म्हणाला. “हवं तर खरंच घालवतो.”

कवळीवाले हसले नाहीत. “ती समोर उभी असायची आणि तुम्ही दोघं भिंतीला गोळ्या घालायचात. मला काय कळत नव्हतं?” त्यांनी फासा बोटानं जरासा हलवला. “ती खरी गेली तेव्हाही मी डॉक्टरांना म्हटलं होतं, पुन्हा तपासा. त्यांनी तपासलं बिचाऱ्यांनी, माझ्या समाधानासाठी.”



त्यांनी नर्सला उचललं, कापसात गुंडाळलं आणि कवळीच्या डबीत ठेवलं. झाकण टक्कन लागलं. तिच्या जागेमागे एक टकलू म्हातारा उभा होता, कवळीवाल्यांचं स्वतःचंच पात्र. इतकी वर्षं तिच्या आडोशाला. आता अगदी उघड्यावर.

“तुमची एक गोळी बाकी आहे, जावईबापू.”

जावयानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग डोळे बारीक करून दुसरीकडेच.

“भिंतीवर,” तो म्हणाला आणि फासा टाकला.

पुन्हा सहाच पडले.