बिनसाखरेच्या गोळ्या

ताईंच्या पोटातून आवाज आला तेव्हा कादंबरीतला म्हातारा मरणाच्या दारात होता. "त्यांनी डोळे मिटले आणि खोलीत कुणीच काही बोललं नाही," हे वाक्य ताईंनी इतकं हळू, इतकं सुरेख वाचलं की पुढच्या शांततेवर त्या स्वतःच खूश झाल्या. तेवढ्यात पोटाने तोंड उघडलं. आधी एक लांबलचक गुरगुर, मग नळात हवा अडकल्यावर होतो तसा गडगडाट, आणि शेवटी एक बारीक, प्रश्न विचारल्यासारखा सूर.

हेडफोनमधून कानसेन म्हणाला, "ताई, म्हातारबुवा अजून जिवंत आहेत वाटतं."

ताई पुस्तकं वाचत, आणि ती ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रित होत. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही किंवा वाचायला फुरसत नाही, अशा कितीतरी लोकांच्या कानांत ताईंचा आवाज होता. ते ध्वनिमुद्रण करणाऱ्याला स्टुडिओत सगळे कानसेन म्हणत, कारण त्याचं लक्ष फक्त कानांत असे. पायात दोन वेगळे मोजे घालून येणारा हा माणूस, पण पान उलटताना बोट ओलं केलं की कोरडं, हे त्याला पलीकडच्या खोलीत बसून कळायचं.

ताईंची खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. भिंतींना आणि छताला आवाज शोषणारं जाड फेल्टचं कापड ठोकलेलं, दाराला रबराची कड, खिडकीचं नाव नाही. एक टेबल, एक दिवा, न करकरणारी खुर्ची आणि नाकासमोर माइक. तो माइक असा तिखट कानाचा, की बाहीची सळसळसुद्धा टिपायचा. म्हणून ताई मऊ सुती कपडे घालून येत. बांगड्या घरी, घड्याळ घरी. पोट मात्र घरी ठेवून येता येत नव्हतं.

आणि पोट गेले कित्येक महिने ऐकत नव्हतं. सकाळी ठीक असे, दुपारपर्यंत ढोलासारखं तट्ट फुगे आणि मग बोलायला लागे. त्यात ताईंचा मधुमेह जुना, थायरॉइड मंदावलेलं. साखरेचे डॉक्टर म्हणत, दर दोन तासांनी थोडं खा. थायरॉइडच्या डॉक्टरीणबाई म्हणत, सकाळची गोळी घेतल्यावर तासभर पाण्याशिवाय काही घेऊ नका. पोटासाठी आधीच्या डॉक्टरांनी एक औषध दिलं होतं, ते जेवणाआधी घ्यायचं होतं. आता दर दोन तासांनी खाणाऱ्या बाईचं 'जेवणाआधी' म्हणजे नेमकं कधी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक डॉक्टर आपापल्या अवयवापुरता बरोबर होता.

कानसेन बिचारा आवाज कापत बसायचा. शब्दांमधल्या फटीतली गुरगुर काढता येते. शब्दांच्या खालून वाहणारी काढता येत नाही. शेवटी एक दिवस स्टुडिओच्या मालकीणबाई स्वतः येऊन खुर्ची ओढून बसल्या. त्या वाईट नव्हत्या, फक्त आडपडदा ठेवून बोलणं त्यांना जमत नसे.

"ताई, तुमच्या आवाजाला तोड नाही. पण ऐकणाऱ्यांच्या तक्रारी यायला लागल्यात. एकाला वाटलं, कादंबरीत कुत्रं आहे."

"औषध चालू आहे," ताई म्हणाल्या.

"असू दे. या पुस्तकाचे अजून काही भाग राहिलेत. शेवटचा घेताना मी स्वतः ऐकायला बसेन. स्वच्छ निघाला तर प्रश्नच नाही. नाही निघाला, तर अख्खं पुस्तक नव्या मुलीकडून पहिल्यापासून वाचून घेईन. मग पुढची पुस्तकंही तिच्याकडेच जातील. उगाच खोटं कशाला बोलू?"

ताईंच्या पोटात गोळा आला, आणि त्याचाही आवाज झाला.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. त्यांना सगळे पाकमास्तर म्हणत. गोळ्या-चॉकलेटांच्या कारखान्यात त्यांची हयात उकळत्या पाकासमोर गेली. पळीवरून पडणारी तार बघून पाक झाला की नाही, हे ते सांगत. यंत्रं आली तरी साहेब लोक शेवटी त्यांच्याच तोंडाकडे बघत. ताईंना मधुमेह निघाला तेव्हा त्यांनी तो अगदी मनाला लावून घेतला. जन्मभर ज्या साखरेचं खाल्लं ती अशी मागच्या दाराने घरात शिरली, असं त्यांना वाटलं. त्या दिवसापासून घरात साखर बंद. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या ओळखीतून साखरेसारखी घट्ट बसणारी, पण साखर नसलेली पांढरी पूड मिळवली आणि ताईंच्या घशासाठी गोळ्या करायला घेतल्या. पुदिन्याच्या वासाच्या, काचेसारख्या स्वच्छ, कडा तासलेल्या, म्हणजे दातावर वाजू नयेत.

ताईंच्या पर्समध्ये त्या गोळ्यांची डबी कायम असे. परिच्छेद संपला की एक गोळी गालात. इतक्या वर्षांत पाकमास्तरांनी "छान वाचतेस" असं एकदाही म्हटलं नव्हतं. पण घरातली गोळ्यांची बरणी कधी रिकामी होऊ दिली नव्हती, आणि ताईंना त्यातून जे कळायचं ते कळत होतं.

ताईंनी आता स्वतःच उपाय काढला. पोटात काही गेलंच नाही तर ते बोलेल कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली आणि न्याहारीला फाटा दिला. पहिली काही पानं उत्तम गेली. मग अक्षरं हलायला लागली. एकच ओळ त्यांनी पुन्हा वाचली, मग तीच तिसऱ्यांदा वाचली. हाताला घाम फुटला. "ताई?" कानसेनाने विचारलं. उत्तरादाखल कपाळ टेबलावर आपटल्याचा आवाज आला. माइकने तोही व्यवस्थित टिपला.

कानसेन स्वतःचा गोड चहाचा कप घेऊन धावला म्हणून निभावलं. साखर पार खाली गेली होती. त्यानंतर त्याने साफ सांगितलं, "आत तुमच्याबरोबर कुणीतरी बसल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. मला इथून दिसत नाही, फक्त ऐकू येतं, आणि ऐकू येईपर्यंत उशीर होतो." तेव्हापासून पाकमास्तर आत बसू लागले. कोपऱ्यात स्टुलावर, नुसत्या मोज्यांवर, घड्याळ काढून. ज्या माणसाने घरातून साखर हद्दपार केली, त्याच्या खिशात आता कागदात गुंडाळलेले साखरेचे खडे असत.

पोटाच्या नव्या डॉक्टरांकडे कानसेनानेच पाठवलं. त्यांनी ताईंना एक गोड पाणी पाजलं आणि अर्धा दिवस थोड्या थोड्या वेळाने एका नळीत फुंकायला लावलं. चाचणीचा कागद बघून ते म्हणाले, "लहान आतड्यात जिवाणू फार वाढलेत. त्यांची जागा खाली, मोठ्या आतड्यात. हे वर चढून बसलेत. पोटभाडेकरू समजा."

ताईंना हसू आलं. "कुणी ठेवले?"

"कुणी मुद्दाम नाही. जुन्या मधुमेहाने आतड्याच्या नसा मंद होतात, थायरॉइड कमी असलं की आतडं आणखी सुस्तावतं. अन्न पुढे सरकत नाही, मग यांची चंगळ. तुम्ही जे खाल ते तुमच्याआधी हे खातात आणि वायू करतात. बरं, तुम्ही खाता काय?"

ताईंना हे पाठ होतं. अंडं, भात, मोजका बटाटा, उकडलेलं गाजर. कांदा, लसूण, डाळी बंद. फळ अर्धं. दूध नाही. डॉक्टर मान डोलावत होते आणि मधूनमधून खोकत होते. तिसऱ्यांदा खोकले तेव्हा ताईंनी पर्स उघडली.

"ही घ्या. घशाला बरं वाटेल. आमच्या घरी करतात."

डॉक्टरांनी गोळी तोंडात टाकली. "वा. साधीच आहे, पण काय सुरेख."

"आणि बिनसाखरेची," ताई अभिमानाने म्हणाल्या.

डॉक्टरांचा गाल हलायचा थांबला. त्यांनी गोळी बाहेर काढली, दोन बोटांत धरली आणि उजेडाकडे नेऊन पाहिली.

"दिवसातून किती खाता?"

"खात नाही हो. चघळते."

"किती चघळता?"

हे ताईंनी कधी मोजलं नव्हतं. आजवर प्रत्येक डॉक्टरने काय खाता, कोणती औषधं घेता, हे विचारलं होतं आणि त्यांनी इमानेइतबारे सगळं सांगितलं होतं. पण नवऱ्याने केलेली गोळी हे खाणंही नव्हतं आणि औषधही नव्हतं. ती कुठल्या यादीत सांगायची?

"यातली पूड साखर नाही, हे खरं," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच ती अंगात नीट मुरत नाही, आतड्यात तशीच राहते. तुमच्यासाठी ती काहीच नाही. त्या भाडेकरूंसाठी मात्र भरलेलं ताट. दुखणं हिने आणलं नाही, पण दुखण्याला दिवसभर भरवलं हिनेच."

त्यांनी ताईंच्या समोरच साखरेच्या डॉक्टरांना फोन लावला. बरंच बोलणं झालं. उपाशी असताना साखर खाली ओढणारी गोळी बदलली, म्हणजे दोन खाण्यांमध्ये चार-पाच तास मोकळे ठेवता येतील आणि आतड्याला स्वतःची झाडलोट करता येईल. थायरॉइडचं औषध पुन्हा तपासायचं. जिवाणूंसाठी काही दिवस वेगळ्या गोळ्या. आपल्या शरीराबद्दल दोन डॉक्टर एकमेकांशी बोलताना ताई पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"मग जातील ना कायमचे?"

"जातील. परतही येतील कदाचित. हे भाडेकरू घर सोडतात, किल्ली सोडत नाहीत. लक्ष ठेवावं लागेल."

घरी आल्या तेव्हा पाकमास्तर शेगडीसमोर उभे होते. पातेल्यात नवा पाक रटरटत होता, हातात पळी. ताईंनी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. एकही कामाला आलं नाही. डॉक्टर जे म्हणाले ते त्यांनी जसंच्या तसं सांगून टाकलं.

पाकमास्तरांनी शेगडी बंद केली.

"म्हणजे हे मीच—"

"तुम्ही नाही हो. मूळ दुखणं वेगळंच आहे म्हणाले."

"पण भरवत मी होतो."

ताईंचा सगळा जन्म दुसऱ्यांची वाक्यं वाचण्यात गेला होता, आणि आता स्वतःचं एक हवं होतं तर मिळत नव्हतं. पातेल्यातला पाक थिजून दगड झाला. पाकमास्तरांनी तो गरम पाण्यात भिजवून ठेवला, पातेलं घासलं, पालथं घातलं. भरलेली बरणी वरच्या फळीवर गेली. त्यानंतर घरात बोलणं नेहमीचंच होत राहिलं, लाइटचं बिल, गळका नळ. गोळ्यांचा विषय दोघांनीही काढला नाही. ताईंना त्याचं फार वाईट वाटत होतं.

औषधांनी हळूहळू उतार पडला. पोट मऊ राहू लागलं. कधी चुकून कांदा गेला तर कुरकुर करे, पण पूर्वीचा थाट राहिला नाही. घसा मात्र कोरडा पडायचा. ताई कोमट पाण्याचा घोट घेत आणि जीभ गालात गोळी शोधायला जाई. तेव्हा त्यांना नवऱ्याची आठवण येई, आणि नवरा तर समोर कोपऱ्यात मोज्यांवर बसलेला असे.

शेवटच्या भागाच्या दिवशी मालकीणबाई ठरल्याप्रमाणे आल्या. कानसेनाशेजारी बसून त्यांनी हेडफोन चढवले. आत ताई, माइक, दिवा आणि स्टुलावर पाकमास्तर. वाचन सुरू झालं. एक पान, दुसरं पान, कुठे खोट नाही. म्हाताऱ्याची बायको त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर येऊन उभी राहते, तिथपर्यंत ताई आल्या. "तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला," त्यांनी वाचलं, आणि थांबल्या.

त्या थांबण्यात आवाज आला. लांबलचक गुरगुर, मग गडगडाट, मग तो बारीक, प्रश्न विचारणारा सूर.

ताईंचा हात झटकन पोटावर गेला. पोट शांत होतं. त्यांनी वर पाहिलं. पाकमास्तर मान खाली घालून स्वतःच्या मोज्यांकडे बघत होते, दोन्ही हात पोटावर दाबून.

"ताई," हेडफोनमध्ये मालकीणबाईंचा आवाज. ताईंना कळायचं ते कळलं. पुस्तक गेलं.

एवढंच म्हणायचं होतं की हे माझं नाही. पण ताईंनी नवऱ्याच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "माफ करा. परत घेते."

तेव्हा पाकमास्तर उठले. माइकसमोर आयुष्यात कधी आले नव्हते, त्यामुळे गरज नसताना त्यात ओरडले. "ते माझं पोट होतं!"

पलीकडे कानसेनाने कानावरून हेडफोन ओढून काढले. मालकीणबाईंनी खोलीत ऐकू जाणारं बटण दाबलं. "काय खाऊन आलात तुम्ही?"

"गोळ्या. हिच्याच. बरणी भरलेली होती."

"अहो, मग फेकून द्यायच्या!" ताई न राहवून म्हणाल्या. "वाया जातील म्हणून खाल्ल्यात?"

"वाया जाण्याचं काही नाही," पाकमास्तर म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "चार दिवस झाले, तू खायचीस तशा खातोय. एवढे महिने तुला काय होत होतं ते बघायचं होतं."

त्यांचं पोट पुन्हा एकदा बोललं.

"बघितलंत?" मालकीणबाईंनी विचारलं.

"बघितलं."

"मग आता इकडे येऊन बसा. आत कुणी नसलं तरी हरकत नाही, मी दर पानाला ताईंना हाक मारून खात्री करीन. आणि ताई, तुमचा आवाज स्वच्छ आहे. पुस्तक तुमचंच. खुर्चीपासून घ्या."

पाकमास्तरांनी खिशातले साखरेचे खडे काढून ताईंच्या पुस्तकाशेजारी ठेवले आणि मोज्यांवर, आवाज न करता, बाहेर गेले. दार लागलं.

ताईंनी ओळीवर बोट ठेवलं. "तिने खुर्चीच्या पाठीवर," इतकंच वाचून झालं. कोपऱ्यातलं स्टूल रिकामं होतं, आणि ताईंची नजर त्यावरून हलेना.

"ताई?" कानसेनाने हळूच विचारलं.

"चालू ठेव," ताई म्हणाल्या. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा त्याच ओळीपासून सुरुवात केली.