अंबूबाईच्या वाटणीचं रडणं

निपाणीकडची गुणाबाई गायला बसली की आसपासच्या विहिरींचं पाणी वीतभर वर यायचं, असं शहापुरातले लोक सांगत. यात थोडी अतिशयोक्ती आहे. वीतभर नाही, चार बोटंच यायचं.

निपाणीच्या वखारीत तंबाखू पाखडणाऱ्या बायकांच्या डोळ्यांना उडणाऱ्या खकाण्यानंसुद्धा पाणी येईनासं झालं होतं. पण गुणाबाईनं एकतारी छेडली की त्याही पदर तोंडात कोंबून हमसायच्या. एकदा बेळगावचा एक गोरा साहेब घोड्यावरून चालला होता, तो तिचं पद ऐकून जागीच थांबला. साहेब काही रडला नाही. साहेबाचं राज्य होतं, रडून कसं चालेल? पण घोडा रडला. मोतद्दारानं त्याचं तोंड पुसलं, असं पाहिलेली माणसं आहेत. शहापुरात सांगलीकरांचा अंमल, रस्ता ओलांडला की इंग्रजांचा. पण गुणाबाईच्या गाण्यावर रडायला हद्द नव्हती. इकडचे इकडे रडत, तिकडचे तिकडे.

सगळ्या मुलुखात कोरडी राहिलेली बाई एकच. यमनाप्पा विणकराची बायको अंबूबाई.

यमनाप्पा मोठा कसबी माणूस. त्याच्या हातचं लुगडं पाण्यात टाकलं तर रंग सोडायचं नाही आणि त्याच्या तोंडून शब्द काढायला गेलं तर तोही सुटायचा नाही. दिवस उजाडला की तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे. समोर अंबूबाई रहाटावर सुताच्या कांड्या भरी. दिवसभर दोघं समोरासमोर, पण बोलायचा तो फक्त माग. 'खटाक् खटाक्' म्हणायचा आणि दोघांच्या वतीनं संसार करायचा.

अंबूबाईची त्याबद्दल तक्रार नव्हती. नवरा मुका मिळाला तर भांडणात आपलीच बाजू वर राहते, हे तिला कळत होतं. तिची तक्रार निराळी होती. हा न बोलणारा, न हसणारा, सख्खी आई गेली तेव्हा तुटलेला धागा जोडत बसलेला माणूस गुणाबाईचं पद ऐकलं की घळाघळा रडायचा! जत्रेतून परत आला की त्याच्या उपरण्याचं टोक ओलं असायचं. अंबूबाई ते उपरणं दोरीवर टाकताना आधी पिळून बघे. पाणी निघालं की ती ते दुप्पट जोरानं पिळी.

"माज्या दुखण्यात ह्यांच्या डोळ्यांतनं टिपूस न्हाय आलं," ती शेजारच्या बायाक्काला सांगे. "मी तापानं फणफणल्याली, वैद्य म्हनला, रात निघंल असं वाटत न्हाय. तर ह्ये काय म्हनले म्हायतंय? 'कांड्या भरून ठेवल्यात का?' आन् त्या रांडंच्या गाण्याला मातर गंगा-यमुना!"

"अगं, ती काय तुजा नवरा पळवतीया व्हय?" बायाक्का म्हणे.

"नवरा न्यायचा असता तर नेऊ दे म्हनलं असतं. ती माज्या वाटणीचं रडनं घिऊन चाललीया!"

हा मत्सर मोठा चमत्कारिक. सवत दागिना पळवते, माया पळवते. ही बया डोळ्यांतलं पाणी पळवत होती आणि तिला त्याची खबरही नव्हती.

अंबूबाईनं उपाय कमी केले नाहीत. चुलीत ओली लाकडं घातली, मिरच्यांची धुरी केली. यमनाप्पा शिंकला, रडला नाही. मग तिला वाटलं, गाणंच म्हणावं. रहाट फिरवता फिरवता तिनं एक दर्दभरी ओवी काढली. यमनाप्पाचा धोटा मागावरच थांबला. तो खड्ड्यातून उठला. अंबूबाईनं ओवीचा सूर आणखी ताणला. तो जवळ आला, रहाटाला कान लावला आणि म्हणाला, "तेल घाल गं जरा ह्याला."

त्या दिवशी अंबूबाईनं ठरवलं. आता मरायचंच.

खरं मरण्याइतकी ती खुळी नव्हती. खरं मेल्यावर नवरा रडला का नाही, हे कळणार कसं? मरायचं ते कान उघडे ठेवून. जांबोटीच्या जंगलात तिचं माहेर. पोरपणी तिथल्या डोहात ती अशी बुडी मारायची की वरची माणसं घरी जाऊन जेवून परत यायची तरी ही खालीच. दम धरणं तिला अवघड नव्हतं. बायाक्काला तिनं नथीची शपथ घातली, सगळं समजावलं. "त्यांनी एकदा रडावं, मी कानानं ऐकते आन् उठते. झटका आलता, देवीनं माघारी धाडलं म्हनून सांगू."

"आन् न्हाय रडले तर?"

अंबूबाईनं नाकातली नथ सारखी केली. "मग उठून तरी काय करायचंय?" ती म्हणाली.

यमनाप्पा सूत आणायला पेठेत गेला, तेवढ्यात अंबूबाई मेली. बायाक्कानं दार लावून तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला आणि मग अशी बोंब ठोकली की तीन गल्ल्यांतले माग बंद पडले. बाया जमल्या. सवाष्णीच्या मयताला पुरुषानं हात लावायचा नाही, ही तिथली रीत; त्यामुळं नाडी बघायला कोणी येण्याची धास्ती नव्हती. बायांपैकी कोणी जवळ आली की बायाक्का मधे आडवी पडून गळा काढी. दारात गल्लीतला भरमा तिरडीचे बांबू तासायला बसला.

यमनाप्पा आला. उंबऱ्यात उभा राहिला. सुताची गाठोडी त्यानं खाली ठेवली. अंबूबाई मिटल्या डोळ्यांनी सगळं अंग कानात गोळा करून पडली होती. आता हुंदका येईल. आता येईल.

यमनाप्पानं नाक ओढलं. तेही पडसं असल्यासारखं. मग त्याच्या वहाणा वाजल्या आणि तो निघून गेला.

अंबूबाईला त्या क्षणी खरंच मरावंसं वाटलं. गेला! सरळ बाहेर गेला! कुठं? सरपण बघायला? का उरलेलं सूत आणायला? बायाक्कानं अंगावर पडण्याचं निमित्त करून कानात विचारलं, "उठतीस काय गं?" अंबूबाईनं ओठ न हलवता सांगितलं, "न्हाय. जाळा मला."

पण बांबू तासून होण्याआधीच यमनाप्पा परत आला आणि एकटा आला नाही. गल्लीच्या तोंडाला ज्योतिबा सोनाराकडं लग्न होतं, तिथं गुणाबाई गायला आली होती. यमनाप्पानं भर मांडवातून तिला उठवून आणलं होतं.

तिथल्या विणकरांत एक चाल होती. अहेवपणी गेलेल्या बाईला गाणं गाऊन वाटेला लावून द्यायचं. ते गाणं आयतं नसायचं. गाणारणीनं घरधन्यासमोर बसायचं आणि विचारायचं, "बाईनं काय केलं ते सांगा." घरधन्यानं सांगायचं आणि गाणारणीनं ते तिथल्या तिथं पदात बांधून मयताच्या कानाशी म्हणायचं. म्हणजे वरती चित्रगुप्तानं विचारलं, तर बाई अडखळायची नाही.

मेलेल्या अंबूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मरणातसुद्धा हीच! माझ्या घरात, माझ्या उशाशी! हिरव्या लुगड्याखाली तिच्या मुठी वळल्या. बायाक्कानं घाईघाईनं त्यांच्यावर फुलं टाकली.

गुणाबाई उशाशी बसली. काळीसावळी, किडकिडीत, तोंडावर देवीचे व्रण. एकतारी मांडीवर घेऊन म्हणाली, "सांगा आप्पा. बाईनं काय केलं?"

यमनाप्पानं उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. बाहेर भरमाचा कोयता थांबला.

"मला सांगाया येत न्हाय," यमनाप्पा म्हणाला. "येत असतं तर हिलाच सांगितलं असतं. म्हनून तर तुमाला बलवलं."

"येईल तसं सांगा."

"खड्डा..." यमनाप्पानं मागाकडं बोट दाखवलं. "मागाचा खड्डा थंडीत बरफावानी गार असतोय. पाय बधिर हुत्यात. ही माज्या आधी उठून त्यात बसायची. खड्डा ऊन करायची आन् मग मला उठवायची. तिला वाटायचं, मला ठावं न्हाय. मी गोधडीतनं बगायचो."

फुलांखाली अंबूबाईच्या मुठी सुटल्या.

"आन् भाकरीचा पापुद्रा मला वाढायची. बूड आपल्याला घ्यायची. म्हनायची, मला बूडच आवडतंय. खोटं बोलायची. आन् तिचा रहाट थांबला की माजा हात चालत न्हाय. त्या तापात रहाट बंद हुता. मी म्हनलं, कांड्या भरून ठेवल्यात का? म्हंजे उठंल, बसंल, रहाट वाजंल... दुसरं काय म्हनायचं असतंय, मला ठावं न्हवतं. तुमी सांगा तिला. तुमी सांगितलं की समद्यास्नी कळतंय."

गुणाबाईनं डोळे मिटले आणि सूर लावला.

"माघाच्या गं पहाटेला, खड्डा मागाचा हिवाळा,
अंबू उतरे आधी त्यात, करी धन्याला उन्हाळा..."

झालं! बाया रडायला लागल्या. दारातला भरमा रडायला लागला. सगळं नाटक माहीत असलेली बायाक्का तर अशी रडली की तिला सावरायला दोघी लागल्या. बाहेर ताण्याच्या सुताला लावलेली खळ ओली होऊन सुटली म्हणतात. आणि जी एकटी बाई सगळ्या मुलुखात कधी रडली नव्हती, तिच्या मिटल्या पापणीतून एक धार निघाली आणि कानशिलावरून गळ्यात उतरली. मयताला घाम फुटला असं समजून एका म्हातारीनं ती पदरानं टिपली.

तेवढ्यात हुंदका आला. यमनाप्पाचा. मोठा, फाटका, माग उलटून पडावा तसा.

अंबूबाईचा जीव हरखून गेला. रडला! माझ्यासाठी रडला!

पण मत्सर हा बिब्ब्यासारखा असतो, अंगाला लागला की सुखासुखी जात नाही. दुसऱ्याच क्षणी तिच्या मनात आलं: माझ्यासाठी कशावरून? ह्या बयेच्या गाण्याला तर हा नेहमीच रडतो. आज माझ्या जागी म्हैस मेली असती आणि हिनं म्हशीवर पद म्हटलं असतं, तरी रडलाच असता. हे पाणी माझं का हिचं, ते ठरवणार कोण?

गुणाबाईनं दुसऱ्या कडव्याला श्वास घेतला. आणि मयत ताडकन उठून बसलं.

"ए गुणाबाई! गप बस गं जरा!"

पुढचं काय सांगावं? एका क्षणात घर मोकळं झालं. कोण खिडकीतून गेली, कोण माळ्यावर चढली. भरमानं बांबू टाकून उडी मारली ती थेट रंगाऱ्याच्या कढईत. दसऱ्यापर्यंत तो तांबडाच हिंडत होता. जागेवर राहिली ती तिघं. कपाळाला हात लावलेली बायाक्का, तोंड उघडं राहिलेली गुणाबाई आणि यमनाप्पा.

सवयीनं गुणाबाईचा सूर पुन्हा निघू पाहत होता. अंबूबाईनं तिच्या तोंडावर तळहात घट्ट दाबला आणि नवऱ्याच्या डोळ्यांकडं टक लावून बसली. सोनार तराजूच्या काट्याकडं बघतो तशी.

"अगं... तू म्येली न्हाईस?" यमनाप्पा म्हणाला.

"न्हाय. तुमी रडा. मी बगतीया."

गाणं बंद होतं. एकतारी बंद होती. रस्त्यावर कुत्रं भुंकत नव्हतं. आणि यमनाप्पाच्या डाव्या डोळ्यात एक थेंब जमला, फुगला आणि गालावरून ओघळला. मग उजव्यातला. मग मोजदादच राहिली नाही. रडता रडता तो ओरडला, "असं करत्यात व्हय गं माणसाला! सकाळधरनं माग बंद हाय माजा!"

अंबूबाईनं गुणाबाईच्या तोंडावरचा हात काढला. पुरावा झाला होता. इतक्या वर्षांत प्रथमच तिला गुणाबाईकडं नीट बघता आलं आणि तिनं पाहिलं, की गुणाबाई यमनाप्पाकडं बघत होती. गाण्याशिवाय रडणाऱ्या त्या माणसाकडं ती अशी बघत होती, जसं दुष्काळात कोणी दुसऱ्याच्या विहिरीकडं बघावं. सगळ्या मुलुखाला रडवलेली बाई, पण तिनं तोंड मिटल्यावर तिच्यासाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं?

यमनाप्पा तोंड धुवायला गेला. गुणाबाई एकतारी गुंडाळता गुंडाळता हलकेच म्हणाली, "आक्का, एक इचारू? दम कसा धरलासा एवढा येळ?"

"कशाला गं?"

"न्हाय... मीबी एकदा मरून बगावं म्हंते. गाणं न लावता. कोण रडतंय का बगते."

अंबूबाईच्या डोक्यात लख्ख झालं. ही मेली तर कोण रडेल, हे अंबूबाईला कोणी सांगायला नको होतं. यमनाप्पा रडणार. गाण्याशिवाय रडणार! उपरणं भिजवणार! म्हणजे पुन्हा हीच पुढं जाणार.

"मरायचं नाव काढशील तर जीभ हासडीन!" अंबूबाई कडाडली. "खोटं न्हाय आन् खरंबी न्हाय! बस तितं. जेवलीस का न्हाय सकाळधरनं? बग की, नुसतं काटूक झालंय. बायाक्का, तूप आन आधी!"

त्या दिवसापासून शहापुराहून निपाणीला जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून अंबूबाईचं काहीतरी जायचं. लोणकढं तूप, डिंकाचे लाडू, जांबोटीचा मध, खोकल्यासाठी काढा. लोक म्हणत, काय ही माया! सख्ख्या बहिणी नसतील अशा. गुणाबाईला शिंक आली तरी अंबूबाई देवीला नारळ मानायची. त्या तुपावर आणि मधावर गुणाबाई इतकी जगली, की तिच्या गाण्याला रडणाऱ्यांची नातवंडं रडू लागली तरी ती आपली ठणठणीत. अंबूबाई दर जत्रेला तिला बघून यायची, तिच्या दंडाला हात लावून मांस चाचपायची आणि समाधानानं म्हणायची, "अजून लई वरसं जगतीया भवानी!"

तेवढं झालं, की यमनाप्पाशेजारी मांडी घालून बसायची आणि त्याला म्हणायची, "हां, रडा आता खुशाल."