नावेच्या काठावरची काळी पट्टी

मित्रांनो, तुमच्यासमोर यायचीही मला लाज वाटते, तरी सांगते. मी एका नावेच्या काठावर बसवलेली व्हिनाइलची, म्हणजे एका मऊ प्लास्टिकची पट्टी आहे. आता जुनी, काळवंडलेली. फिनलंडमधल्या एका सरोवरावर माझं आयुष्य गेलं. कारखान्यातून आले तेव्हा मी दुधासारखी पांढरी होते. नाव धक्क्याला टेकली की मार मी खायचा आणि नावेचा रंग वाचवायचा, हे माझं काम. लोक माझ्यावर हात ठेवूनच नावेत उतरत. "किती मऊ आहे गं!" असं कुणी म्हटलं की मी फुलून जाई.

माझे मालक अर्मास आजोबा. जन्मभर त्यांनी लाकडी नावा सांभाळल्या. दर वसंतात पाइनच्या लाकडातून काढलेलं डांबर जवसाच्या तेलात कालवायचं आणि लाकडाला पाजायचं, ही त्यांची रीत. डांबरावर त्यांचा भारी जीव. त्यांच्या बायको, विएनो आजी, चिडवायच्या, "अहो, सूपमध्येही घाला की दोन थेंब!"

पुढे उन्हाने मी पिवळी पडले, तडकू लागले. त्याच वर्षी त्यांच्या नातीचं, हेल्काचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "मला गाडीबिडी नको. मी चर्चला आजोबांच्या नावेतूनच जाणार." आजोबा हरखून गेले. त्यांनी नाव घासूनपुसून लख्ख केली आणि बिचारी सुकलेली दिसते म्हणून मलाही डांबर पाजलं. लाकूड ते पिऊन टाकतं हो, पण मी पडले व्हिनाइल! तेलाने माझं अंग सैल पडलं. लग्नाच्या सकाळी गारव्यात आजोबांनी बोट लावून पाहिलं, तेव्हा मी कोरडी वाटले. दुपारच्या उन्हात मात्र पाझरू लागले.

हेल्का माझ्यावर रेलून बसली होती. धक्क्यावर उतरली तेव्हा तिच्या पांढऱ्या पोशाखावर पाठभर काळा पट्टा उमटला होता.

"बाबा, प्लास्टिकला कुणी डांबर लावतं का?" तिची आई ओरडली. "एवढंही कळेनासं झालं तुम्हाला?"

सगळे वर चर्चकडे गेले, आजोबा नावेतच बसून राहिले. त्यांचा तळवा मला चिकटला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चर्चची घंटा वाजू लागली, तशी हेल्का पायवाटेने परत आली.

"आजोबा, उठा."

"नको गं. हात बघ माझे, काळेकुट्ट झालेत."

"मग माझी पाठ काय गोरी राहिलीय? चला, दोघं मिळून हसं करून घेऊ."

आजोबा तिचा हात धरून उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला साबणाच्या कोमट पाण्याने, मऊ फडक्याने किती वेळ पुसलं! पण डाग आत मुरला होता. आजही कुणी विचारलं, की आजोबा मान खाली घालून म्हणतात, "माझीच चूक." तेव्हा मला सरोवराच्या तळाशी जावंसं वाटतं.

मित्रांनो, मला फार काही लागत नाही. साबणाचं पाणी, मऊ फडकं, व्हिनाइलसाठीच केलेला लेप आणि उन्हात वर एखादं आच्छादन. फक्त डबा उघडण्याआधी मी कशाची बनले आहे, तेवढं विचारा. त्या दिवशी मला बोलता आलं असतं, तर इतक्या मायेने पुढे आलेला तो हात मी तिथेच थांबवला असता.